मला मारायची दारू

आपल्याला गोळी घातली जाणार असेल, तर त्या काडतुसात कोणती दारू भरावी याची चौकशी माणूस सहसा स्वतः करत नाही. मी केली. घुग्घुसपासून नागभीडपर्यंत केली, रजा टाकून केली, आणि वर पेट्रोल स्वतःचं जाळलं.

माझी सासुरवाडी वैनगंगेच्या पलीकडे, गडचिरोली जिल्ह्यात. धान निघालं की तिकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. जेवणं आटपल्यावर पडदा उघडतो आणि शेवटचा अंक उजाडता उजाडता येतो. बाकीची गावं मोठ्या नाटक कंपन्या बोलावतात. सासुरवाडीला ते पसंत नाही. तिथे गावचीच मंडळी तोंडाला रंग फासून उभी राहतात, फक्त नायिका तेवढी बाहेरून येते. मी ऊर्जानगरला वीज केंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर नोकरीला आहे, म्हणजे माझं तोंड रंग न फासताही काळंच असतं. त्यामुळे असेल, पण खलनायकाचं काम दरसाल जवायाकडे, म्हणजे माझ्याकडे. शेवटच्या अंकात इन्स्पेक्टर मला गोळी घालतो. इन्स्पेक्टर म्हणजे माझा साळा, बायकोचा धाकटा भाऊ. घरच्या घरात सगळं.

आता मागच्या वर्षी काय झालं ते ऐका, म्हणजे पुढचं कळेल. साळ्यानं रिव्हॉल्व्हर रोखलं, त्याचं लांबलचक भाषण म्हटलं, आणि चाप ओढला. रिव्हॉल्व्हरमधून आवाज आला तो असा, की एखाद्या म्हाताऱ्यानं भर सभेत चुकून सोडावा. फुस्स. काडतुसातली दारू ओली झालेली होती. इथवर काही बिघडलं नव्हतं. त्यानं पुन्हा चाप ओढला असता, पुढच्या काडतुसानं साथ दिली असती. पण मी महिनाभर मरायची तालीम केलेली. एक गिरकी, दुसरी गिरकी, छातीवर हात, मग गुडघे, मग आडवा. चाप ओढलेला पाहिला आणि माझे पाय आपोआप फिरले. फुस्स झालं आणि मी मेलो. त्या फुस्सनं मेलेला पहिला माणूस मीच असेन. मंडपात जे हसू उसळलं त्यानं बैल दावं तोडून पळाले.

हसून लोक घरी गेले असते तर ठीक होतं. पण तेव्हापासून साळ्याचं नाव पडलं फुस्स. धानाच्या गिरणीवर फुस्स, बाजारात फुस्स, शंकरपटाच्या शर्यतीत बैलांच्या मागून ओरडून फुस्स. तेही त्यानं गिळलं असतं. पण त्याच वर्षी त्याच्या लग्नाचं सुरू झालं, आणि लग्नाच्या पोराला फुस्स हे नाव पडणं म्हणजे काय, हे मी इथे फोडून लिहीत नाही. समजणाऱ्याला समजलंच. पोरीकडचे चौकशीला येत, गावच्या तोंडावर पानटपरीवर विचारत, टपरीवाला म्हणे, "कोण, फुस्स का?" आणि ते लोक पान खाऊन तिथूनच माघारी जात. असं दोनदा झालं.

यंदा नागभीडकडची एक पोरगी सांगून आली. बापाची अट एकच. "मंडईले येतो, नाटक पाहतो, पोरालेही पाहतो. मंग सांगतो." नाटक पाहतो म्हटल्यावर साळ्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं मला फोन केला.

"भाऊजी, यंदा आवाज झाला नाई तं मी जलमभर असाच रायतो."

"आवाजाचं माह्यावर सोड," मी म्हटलं.

हे म्हणायची काही गरज नव्हती. पण सासुरवाडीचा असा समज आहे की ऊर्जानगरला ज्याअर्थी वीज तयार होते, त्याअर्थी तिथल्या माणसाला जगातलं सगळं जळणारं आणि उडणारं कळतं. हा समज मोडावा असं मला कधी वाटलं नाही. जवायाला तेवढ्यावरच मान असतो.

आता रिव्हॉल्व्हरबद्दल. ते नाटक मंडळाचं. बंद पडलेल्या कुठल्याशा कंपनीकडून आलेलं, नळी आतून शिसं ओतून बुजवलेली, म्हणजे त्यातून माशीही बाहेर निघायची नाही. फक्त आवाजापुरतं. सोबत पितळेची रिकामी काडतुसं. त्यात दरसाल थोडी फटाक्याची दारू भरायची, वर टिकली ठेवायची, बस. प्रश्न इतकाच की कोणती दारू. मागच्या वर्षी जी होती ती धानाच्या कोठीत पडून पडून सर्दावली होती. यंदा चांगली शोधायची.

सुरुवात मी क्वार्टरच्या गच्चीवर केली. नुसती टिकली वाजवून पाहिली. पालीनं चुकचुकावं तसा आवाज. खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या आणि विचारून गेल्या, "तुमच्याकडे पण पाल झाली का?" त्या आवाजानं मी मेलो असतो तर नाटक मंडळानं माझं नाव पोस्टरवरून काढलं असतं.

मग घुग्घुस. तिथे कोळशाच्या खाणीत माझा एक जुना मित्र आहे, सुरुंग लावणाऱ्यांच्या टोळीत. ट्रकांच्या धुळीतून वाट काढत मी त्याला चहाच्या टपरीवर गाठलं आणि आवाज खाली आणून विचारलं, की बाबा, चांगली दारू कोणती, जरा सल्ला दे, रिव्हॉल्व्हरसाठी पाहिजे.

त्यानं बशी खाली ठेवली. "कोणाले मारायचं हाय?"

"मलेच."

त्यानं माझ्या हातातला चहाचा ग्लास काढून घेतला. "घरी सर्व बरं हाय न? वहिनी बोलते न तुह्याशी?"

मी सगळी हकीकत सांगितली. त्यावर तो हसलाच नाही. "आमची दारू डोंगर फोडाले असते," तो म्हणाला, "तुह्यासारखा माणूस फोडाले नाई. आणि कुलपात असते. असं टपरीवर बसून इचारत जाऊ नको, लोकं मलेच घेऊन जाईन." मग ग्लास परत दिला. चहा तोवर गार झालेला. वर त्याचे पैसेही त्यानं मलाच भरायला लावले.

शेवटी मी योग्य माणसाकडे गेलो. नागभीडच्या अलीकडे एका गावात लग्नावरातीचे फटाके करणारा एक जण आहे, लायसन्सवाला. अंगणात कागदी नळ्या वाळत घातलेल्या, मिशा अर्ध्या जळलेल्या. त्या अर्ध्या मिशांनीच माझा विश्वास बसला. त्यानं मला डॉक्टर विचारतो तसं विचारलं.

"आवाज पायजे, धूर पायजे, का उजेड पायजे?"

"तिन्ही."

"तिन्ही पायजे तं नवरदेवाच्या वरातीचा माल न्या. काडतुसात एकच येते. जे पायजे ते एक सांगा."

मी विचारात पडलो. एकदा वाटलं, धूर चांगला दिसतो. गोळी सुटल्यासारखं वाटतं.

"तुमी मरता कसे?" त्यानं विचारलं.

मी त्याच्या अंगणात मरून दाखवलं. एक गिरकी, दुसरी गिरकी, छातीवर हात. कोंबड्या बाजूला झाल्या. त्याची बायको दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "याले झालं काय?"

"धूर घेतला तं हे काईच दिसणार नाई," तो म्हणाला. "धुरात कोण मेलं, कसं मेलं, लोकायले कळतच नाई."

तिथेच माझा निर्णय झाला. साळ्याच्या लग्नाचं राहिलं बाजूला, माझं मरण लोकांना दिसलं पाहिजे हे मनात पक्कं झालं. मी आवाजाची दारू घेतली, धूर कमीत कमी. त्यानं पुडी बांधून देताना बजावलं, कोरडी ठेवजा, ओल लागली का माती झाली म्हणून समजा. म्हणून मी ती पुडी स्टीलच्या थर्मासमध्ये घातली. तो मला वीज केंद्रात सुरक्षा सप्ताहात मिळाला होता. वर ठळक अक्षरात लिहिलेलं, सुरक्षा प्रथम.

आता चूक कुठे झाली ते सांगतो. नागभीडच्या चौकातून मी साळ्याला फोन लावला. तो अंगणात शिडीवर चढून नाटकाच्या पडद्याला दोऱ्या बांधत होता. दोन्ही हात गुंतलेले, म्हणून फोन खाटेवर ठेवून त्यानं स्पीकर लावला. खाटेमागे दार, आणि दारामागे माझी सासू तांदूळ निवडत होती. हे मला कुठून माहीत असणार.

"भेटली का जी भाऊजी?"

"भेटली," मी म्हटलं. "एक नंबर दारू भेटली. ताजी हाय, पण लय कडक. थोडी थोडीच घ्या लागन. एकदम घेतली तं फाटन सर्व."

"आवाज करते न?"

"एकीतच गाव जागं होते का नाई पाय. मागच्या खेपेस ओली होती म्हणून तुह्यं फुस्स झालं."

"आणि पोरीचा बाप?"

"तो बसाच्या आधीच भरून ठेवू. त्याले काय समजते. आईले मात्र सांगजो नको, उगाच जीव खालीवर करन."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. आईला सांगू नको म्हटलं ते अशासाठी, की अंगणात तणसाचे, म्हणजे धानाच्या पेंढ्याचे, ढीग होते आणि आगीचं नाव काढलं की ती घाबरते. पण सासूनं दारामागून जे ऐकलं ते तिच्या जागी कोणीही ऐकलं असतं. आणि तिची जागा साधी नव्हती. गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी. आमच्या चंद्रपुरातही होती, ती उठली. तिकडची आहे ती आहे. आणि कायदा पोहोचत नाही तिथे माझी सासू पोहोचते. गावच्या बायकांची जी टोळी मोहाच्या दारूची मडकी फोडत फिरते, तिची ती पुढारी. तिचा नियम ठरलेला. पकडलेली दारू गावासमोर ओतायची. उघडून हुंगायची नाही, की यात दारू नाही, सरबत आहे, हा वाद ऐकायचा नाही. एकदा हुंगत बसलं की माणूस वाद घालतो आणि ओळखीचा असला की सुटतो. म्हणून सरळ पाण्याच्या बादलीत. आणि सोयराधायरा पाहायचा नाही, हेही तिनंच सगळ्यांना शपथेवर सांगितलेलं.

मी गावात शिरलो तेव्हा मंडई रंगात आलेली. पाळणे, जिलेबी, बांगड्यांची दुकानं. चौकात बायकांचा घोळका उभा होता. मला वाटलं, जवायाला ओवाळायला आल्या. मी मोटरसायकलवरून हसत उतरलो. सासू पुढे आली. तिच्या हातात ताट नव्हतं, बादली होती.

"जवाईबापू, पिशवीत काय हाय?"

मी मागे पाहिलं. भज्याच्या दुकानासमोर पोरीचा बाप आणि पोरगी उभे. मी त्यांना फोटोत पाहिलेलं, ओळखलं. आणि त्यांच्या शेजारीच बंदोबस्तावरचा हवालदार, एका हातात द्रोण. बारूद हा शब्द माझ्या जिभेवर आला होता. तो मी गिळला. या भागात भर चौकात, हवालदारासमोर, माझ्याजवळ बारूद आहे असं म्हणायला वेगळी छाती लागते.

"दारू हाय," मी हळूच म्हटलं, "पण ते वाली नाई, दुसरी."

"दुसरी म्हणजे इंग्लिश?"

"तसं नाई जी. प्याची नाई, भराची हाय."

"भरतात मंग पेतातच न," बायकांतली एक म्हणाली.

सासूनं माझ्या पिशवीतून थर्मास काढला, झाकण फिरवलं आणि न पाहता बादलीवर उलटा केला. पुडी फुटली. भुर्रकन काळी भुकटी पाण्यात पडली. सगळा चौक बादलीत वाकला. दारू म्हणजे पातळ, इथवरच गावाची समजूत होती.

"हे तं कोळसा हाय," कोणीतरी म्हणालं.

"नाई नाई," एक म्हातारा पुढे झाला. हा गावातला जुना पिणारा, बंदीमुळे वाळत चाललेला. "आता शहरात पावडर येते म्हणते. पाण्यात घोळली का झाली." आणि त्यानं ओंजळ बुडवून एक घोट घेतलाही. तोंड असं वाकडं केलं की त्याची टोपी हलली. बराच विचार केला. मग म्हणाला, "ऊर्जानगरची हाय."

चौक हसला. पोरगीही हसली, ओढणी तोंडाला लावून. बाप हसला नाही. तो साळ्याच्या घराकडे पाहत होता, म्हणजे जिथे पोरगी द्यायची आणि जिथला जवाई पाण्यात घोळायची दारू आणतो, त्या घराकडे.

तेवढ्यात साळा धावत आला, हाताला दोऱ्यांचा रंग. बादली पाहिली आणि त्याचं तोंड उतरलं. "आई, काय केलं तू. ते रिवाल्वरची होती."

आता हे वाक्य यापेक्षा वाईट वेळी म्हणता आलं नसतं. पोरीच्या बापानं दोन पावलं मागे घेतली. हवालदारानं द्रोण खाली ठेवला, हात रुमालाला पुसले आणि पुढे आला. "कोणाजवळ हाय रिवाल्वर?"

रिव्हॉल्व्हर आणावं लागलं. हवालदारानं नळीत डोळा लावला, शिसं पाहिलं, चाप दाबून पाहिला आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. "अरे, हे तं मागच्या साली मी इथीच बंदोबस्ताले होतो तेव्हाचं." साळ्याकडे पाहिलं. "तू तं तो फुस्स."

जे नाव लपवायला आम्ही पैसे देऊन टपरीवाल्याला चार दिवस पाहुण्यांना फुकट पान लावायला आणि स्वतःचं तोंड बंद ठेवायला लावलं होतं, ते हवालदारानं भर चौकात फोडलं.

"फुस्स म्हणजे?" पोरीच्या बापानं विचारलं.

हवालदाराला गोष्टी सांगायची हौस. त्यानं सगळं सांगितलं, भाषणासकट. फुस्सचा आवाजही काढून दाखवला, आणि मग माझ्या गिरक्या. लोक पुन्हा तितकेच हसले. साळा मान खाली घालून उभा. सासूला आता कळलं होतं की तिनं काय ओतलं, पण ती बादली धरून ताठ उभी राहिली. गावासमोर ओतलेलं ती कधी परत घेत नाही.

तेव्हा पोरगी पहिल्यांदा बोलली, ती माझ्याशी. "गोळी सुटलीच नाई, तं तुमी काऊन मेले जी?"

सगळा चौक माझ्याकडे वळला. वर्षभरात हा प्रश्न कोणाच्याच डोक्यात आला नव्हता. सगळ्यांनी रिव्हॉल्व्हरला नावं ठेवली, साळ्याला ठेवली.

"सवयीनं," मी म्हटलं.

बापानं घसा साफ केला. "आलोच हावो तं नाटक पाहतो," तो म्हणाला. "सकाळी काय ते बोलू." त्याच्या आवाजावरून सकाळी काय बोलायचं ते ठरलेलं दिसत होतं.

आता नवी दारू आणायला वेळ नव्हता. मंडपामागे फटाका फोडावा तर तणसाचे ढीग. अखेर असं ठरलं, की साळा चाप ओढेल त्याच क्षणी ढोलकीवाल्यानं एक जोरदार थाप द्यायची. ढोलकीवाला म्हणाला, बेफिकीर राहा. ज्या माणसाला शेवटच्या अंकापर्यंत जागायचं असतं, त्यानं असं म्हणू नये.

शेवटचा अंक आला तेव्हा मंडपाच्या फटींतून उजेड दिसू लागला होता. पुढच्या ताडपत्रीवर माझी सासू, तिच्या बाजूला पोरीचा बाप आणि पोरगी. साळ्यानं रिव्हॉल्व्हर रोखलं, भाषण म्हटलं. मी तिरक्या नजरेनं ढोलकीवाल्याकडे पाहिलं. तो ढोलकीवर गाल टेकून झोपला होता.

साळ्यानं चाप ओढला. टक. बस, तेवढंच. टिकलीही नाही.

मंडपात मागून एक "फु" निघाला. माझे पाय फिरायला लागलेच होते. पण त्या पोरीचा प्रश्न कानात होता, आणि ती समोर बसून माझ्या पायांकडेच पाहत होती. आयुष्यात पहिल्यांदा मी वेळेवर मेलो नाही. उभा राहिलो, छाती पुढे काढली आणि माझ्या खलनायकाच्या आवाजात विचारलं, "काय झालं, इन्स्पेक्टर?"

हे संहितेत नव्हतं. साळ्यानं रिव्हॉल्व्हरकडे पाहिलं. मग समोर आईकडे. मग त्याच्या तोंडावर असं काहीतरी आलं जे मी त्याच्या तालमीत कधी पाहिलं नव्हतं.

"याच्यातली दारू माह्या मायनं ओतली," तो म्हणाला. शांतपणे, वर लटकलेल्या माईकखाली. "या गावात दारू चालत नाई. मंग ते बंदुकीतली काऊन असेना."

त्यानं रिव्हॉल्व्हर खाली टाकलं, दोन पावलं पुढे आला आणि मला एक थोबाडीत मारली.

ही नाटकातली थोबाडीत नव्हती. तिच्यात टपरीवरची दोन स्थळं होती, गिरणीवरचं हसू होतं, शंकरपटातल्या आरोळ्या होत्या आणि माझ्या सगळ्या गिरक्या होत्या. माईकनं ती उचलली आणि चारही भोंग्यांतून गावाला दिली. घुग्घुस ते नागभीड फिरून मी जो आवाज शोधत होतो, तो हाच. धूर अजिबात नाही. उजेड मात्र भरपूर, डोळ्यांपुढे. मी गिरकी घेतली नाही, छातीवर हात ठेवला नाही. सरळ आडवा झालो, अगदी मंचाच्या काठाला. ढोलकीवाला दचकून उठला आणि त्यानं आता थाप दिली.

मंडप उभा राहून टाळ्या वाजवत होता. बायकांच्या टोळीनं शिट्ट्या मारल्या. नायिकेनं शेवटचं गाणं सुरू केलं आणि मी मेलेला होतो, म्हणून मला उठता येईना. डोकं काठाबाहेर लोंबत होतं. खाली ताडपत्रीवर काय बोलणं चाललंय ते मला स्पष्ट ऐकू येत होतं, निदान उजव्या कानानं.

"पोरगा बोलला चांगला," पोरीचा बाप म्हणत होता.

"घरी येवढं नाई बोलत," सासू म्हणाली.

"हात जड हाय पण. उचलते का कोणावर?"

"आजवर कोणावर उचलला नाई. आज जवायावर उचलला."

"त्यायच्यावर चालते," पोरगी म्हणाली. मग ती आणि सासू काहीतरी कुजबुजल्या. मला एवढंच ऐकू आलं की हसत होत्या.

बाप आवाज खाली आणून म्हणाला, "बाई, तुमच्या घरात दारू शिरत नाई हे मी डोयानं पाह्यलं. जवायाची पिशवी सोडली नाई तुमी. मले दुसरं काई पाहाचं नाई. पण एक सांगा, जवाई पेतात का?"

माझ्या अंगात उठून बसायची फार इच्छा आली. मी जन्मात थेंब घेतलेला नाही, हे सांगायला याहून चांगली वेळ येणार नव्हती. पण नायिका माझ्या प्रेताभोवती फेर धरून गात होती. मी डोळा किंचित उघडून सासूकडे पाहिलं. तिनंही माझ्याकडे पाहिलं.

"ते मेले हायेत," ती म्हणाली. "त्यायचं सोडा. पोराचं बोला."

मग त्यांनी पोराचं बोलायला सुरुवात केली. तिथी निघाली, पाहुणे किती यायचे ते निघालं, चहा आला. पडदा ओढणाराही दोरी सोडून सोयरीक ऐकायला खाली उतरला. गाणं संपलं, नायिका आत गेली, ऊन माझ्या सुजलेल्या गालावर येऊन बसलं. मी तसाच पडून राहिलो, कारण पडदा पडल्याशिवाय मेलेल्या माणसानं उठायचं नसतं, आणि एवढा एक नियम तरी मी त्या दिवशी पाळायचं ठरवलं होतं.